घरातला फोन कुणाचा?

‘मोबाइलने पोरं बिघडतात’ म्हणणाऱ्या घरांनीच २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर पोरांच्या हाती मोबाइल दिला. शाळा उघडल्या आणि पुन्हा तीच ओरड सुरू! मला याचं नवल वाटत नाही. शिक्षणात नवं यंत्र आलं की आधी भीती, मग कौतुक, मग तक्रार, हे जुनंच आहे. टीव्हीलाही आपण नावं ठेवली होती. तरी पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि दूरदर्शनवरून धडे घरी आले. २०१७ मध्ये ती बंद पडली.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांवरही ते आले. २०२० मध्ये गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं.

पण कोड उघडायला घरात फोन हवा ना! आपल्या कुरकुंभला एमआयडीसी. घरात एकच फोन असेल तर तो शिफ्टला जाणाऱ्याच्या खिशातून जातो. तो परतला की पहिला नंबर मुलाचा. मुलगी तोवर भाकरी थापते. ‘तिला कशाला हवा फोन?’ हे अजूनही कानावर येतं.

मैत्रिणींनो, बंदी घालायची तर दोघांना घाला. वेळ ठरवायची तर दोघांची ठरवा. रोज अर्धा तास मुलीचा, आणि तेव्हा तिच्याशेजारी आपण बसायचं. ती काय शिकते ते आपल्यालाही कळेल.