घसारा आणि गुण
वस्तूची फॅशन ओसरली, तरी तिचा गुण ओसरत नाही. जर्मन पोर्शे कंपनीची १९८२ ते १९९१ या काळातील ‘९४४’ ही मोटार याचे उत्तम उदाहरण. इंजिन मागे नसून पुढे, तेही चारच सिलिंडरचे. म्हणून शौकिनांनी तिला दुय्यम मानले आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात ती ‘९११’पेक्षा पुष्कळ स्वस्त राहिली. वस्तुतः गिअरबॉक्स मागे असल्याने तिचा भार दोन्ही आसांवर जवळजवळ समान पडतो आणि वळणावर ती स्थिर राहते. घसारा पहिल्या मालकाने सोसलेला, लाभ दुसऱ्याचा! मात्र टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. तो तुटल्यास व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि स्वस्त खरेदी महाग पडते. भांडवल थोडे, देखभालीची तरतूद भरपूर, हाच खरा हिशेब.