चोवीस की पस्तीस?

मुलाने नवा कॅमेरा घेतला आणि त्याचा जुना, फुल फ्रेम निकॉन माझ्याकडे आला. लेन्सशिवाय! म्हणजे दौत मिळाली, टाक तुमचा तुम्ही घ्या.

मग भाच्याने वापरलेल्या दोन लेन्स पाहायला आणून दिल्या. एक 24 मिमी एफ/2.8, दुसरी 35 मिमी एफ/2. दोन्ही निकॉनच्याच, दोन्ही बिनझूमच्या, दोन्हींना फिल्टरही 52 मिमीचाच. "मावशी, एकच ठेव, दुसरी शनिवारी परत द्यायची आहे." पेन्शनमध्ये बसतेही एकच.

भाचा 24च्या बाजूचा. त्याचं म्हणणं साधं आहे. 24 कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत 84 अंश पाहते, 35 फक्त 63. आपली घरं लहान, देवळांचे सभामंडप अंधारे आणि अरुंद, मग जिच्यात जास्त मावतं ती घ्यावी. शिवाय 24ने काढून कडा कापल्या की 35चा फोटो मिळतोच, पण 35मध्ये जे आलंच नाही ते कुठून आणणार? युक्तिवाद बिनतोड आहे. वर्गात असता तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

तरीही मी 35 ठेवली. का, ते सांगते.

1994 साली आमच्या घरी सगळे जमले होते. तेव्हा शाळेतल्या एका सहकाऱ्यांचा कॅमेरा मी मागून आणला होता आणि त्यावर 24चीच लेन्स होती. ओसरीवर सतरा माणसं उभी केली. एकाच रांगेत, भिंत ते भिंत. सगळी मावली म्हणून मी खूश! माझी धाकटी जाऊ स्वयंपाकघरातून हात पुसत सगळ्यांत शेवटी आली आणि रांगेच्या अगदी टोकाला उभी राहिली. "वहिनी, मी येतेय ना फोटोत?" तिने विचारलं. "येतेस, येतेस," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

2003 साली ती गेली. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर तिचा मोठेपणीचा धड फोटो तो एवढाच. गाल रुंद, खांदा ओढलेला, डोकं बाहेरच्या बाजूला ताणलेलं. तिची मुलगी हळूच म्हणाली, "काकू, ही आई नाही वाटत." शेवटी बँकेच्या पासबुकावरचा इवलासा फोटो मोठा करून लावला.

बरीच वर्षं मला वाटायचं, ती लेन्सच खराब असणार. तसं नव्हतं. सरळ रेषा सरळ ठेवणारी कुठलीही वाइड लेन्स कडेला हेच करते. भिंत, दार, चौकट अशा सपाट गोष्टी नीट येतात, पण गोल गोष्टी ताणल्या जातात. मधला चेंडू गोल दिसतो, कडेचा लंबगोल. माणसाचं डोकं साधारण चेंडूसारखंच. हिशेब मांडला, तर फोटोच्या अगदी डाव्या-उजव्या कडेला 24 मिमीमध्ये चेंडूची रुंदी उंचीपेक्षा 25 टक्के जास्त येते, 35 मिमीमध्ये सुमारे 12 टक्के. 35 निर्दोष आहे असं नाही, पण ताण निम्म्यावर येतो. (सेन्सर लहान असेल तर हे आकडे बदलतात. दीडपट क्रॉपच्या कॅमेऱ्यावर 24 ही जवळपास 36सारखी वागते.)

आता याची किंमत किती? 24ने दहा फुटांवरून पंधरा फुटांची रांग मावते. तीच रांग 35मध्ये बसवायला साडेचार फूट मागे जावं लागतं. म्हणजे मोठी दोन पावलं. दोन पावलं, बस्स!

"मागे भिंत असली तर?" भाचा. तर रांगा दोन कराव्यात, म्हाताऱ्यांना खुर्च्या द्याव्यात. शाळेत पस्तीस वर्षं तेच केलं. आणि 24ने काढून कडा कापायचं म्हणशील, तर गणितात ते बरोबर आहे, पण घरात चालत नाही. चौकटीत जागा दिसली की आपण तिथे कुणालातरी उभं करतोच. आणि तिथे कधी घरातला कर्ता उभा राहत नाही. उभी राहते ती उशिरा आलेली, संकोची, जिला मधे घुसता येत नाही अशी व्यक्ती. नंतर कापायच्या कडेला ती असते.

डोंगर, आकाश, वाड्याचा चौक यांसाठी 24 फार छान, ज्यांना ते काढायचं आहे त्यांनी खुशाल घ्यावी. तसंही बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण 24 ते 28च्या आसपास पाहतो, तेव्हा ती हौस खिशातच आहे. मला माणसं काढायची आहेत, तीही संध्याकाळी घरातल्या उजेडात. तिथे 35चं एफ/2 हे एफ/2.8च्या दुप्पट प्रकाश घेतं, हा वरचा लाभ.

असो. शनिवारी 24 परत गेली. भाचा अजून थोडा नाराज आहे.

येत्या दिवाळीत सगळे जमाल, तेव्हा फोटो मीच काढणार. मी मागे सरकू लागले की "अगं, पडशील!" म्हणून ओरडू नका, मागची जागा मी आधीच बघून ठेवली आहे. आणि स्वयंपाकघरातून जी शेवटी येईल, तिच्यासाठी मधली जागा रिकामी ठेवा.