नगराची मुद्रा, नागरिकांची प्रतिज्ञा

भुसावळहून मुक्ताईनगरकडे जाताना लागणारे वरणगाव एके काळी ग्रामपंचायतीचे गाव होते. आज तेथे नगरपरिषद आहे. परंतु गावाचे नगर झाले म्हणजे नेमके काय झाले? केवळ करपावतीवरील नाव बदलले काय? नगर म्हणून उभे राहणाऱ्या समाजाची स्वतःची मुद्रा असावी लागते, आणि ती शोभेची वस्तू नसते.

आपल्या परंपरेत मुद्रा उमटल्याखेरीज आज्ञेला मोल नव्हते. फारसीचा अंमल असलेल्या काळात शिवछत्रपतींनी संस्कृत राजमुद्रा धारण केली आणि ती लोककल्याणासाठी शोभते, असे तीत कोरले. मुद्रेने प्रजेआधी राजालाच बांधून घेतले! याउलट 1877 च्या दिल्ली दरबारात संस्थानिकांना रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने रेखाटलेली ढालचिन्हे ध्वजांवर बहाल झाली. चिन्हे देखणी होती, पण ती मांडलिकत्वाची होती. नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा क्रूस कायमचा उतरून राजमुद्रेपासून प्रेरित अष्टकोन झळकण्यास 2 सप्टेंबर 2022 हा दिवस उजाडावा लागला.

नगरांनीही हा वारसा चालविला आहे. जेथे धर्म तेथे जय, या आशयाचे महाभारतातील वचन मुंबई महापालिकेच्या बोधचिन्हावर आहे. 'कटिबद्धा जनहिताय' हे पिंपरी-चिंचवडचे ब्रीद आहे.

वरणगावच्या मुद्रेत काय असावे? 1964 मध्ये स्थापन झालेल्या येथील आयुध निर्माणीतील काडतुसे सीमेवरील जवानाच्या हाती जातात. 2021 मध्ये ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेली, तरी श्रमणारे हात तेच राहिले. भोवती तापीचे खोरे, केळीच्या बागा, जवळच संत मुक्ताईचे स्थान. शस्त्र, शेती आणि संतवाणी असा संगम किती नगरांच्या वाट्याला येतो?

मात्र मोह आवरला पाहिजे. प्रत्येक आळीचे दैवत आणि प्रत्येक गटाची खूण घालू गेल्यास मुद्रेची जत्रा होईल. पुढाऱ्याचा चेहरा तर तीत नकोच. सत्ता पालटते, मुद्रा राहते. दोन-तीन खुणा, एक ब्रीद, आणि शाळकरी मुलालाही काढता येईल असे रेखाटन पुरे. नगराचा ध्वज केला, तर 2002 च्या ध्वजसंहितेनुसार तिरंग्याहून उंच वा त्याच्या बरोबरीने तो फडकता कामा नये. नगराचा अभिमान राष्ट्राभिमानाच्या छायेतच शोभतो.

अखेरीस, मुद्रा कागदावर उमटते, पण तिची किंमत रस्त्यावर ठरते. पाणी, स्वच्छता आणि चोख हिशेब यांचे पाठबळ नसेल, तर उत्तमातले उत्तम ब्रीदही उपहासाचा विषय होते. म्हणून मुद्रा सभागृहात मंजूर होण्याआधी ती चौकाचौकांत, शाळाशाळांत चर्चिली जावी. नागरिकांनी निवडलेली मुद्रा हीच नागरिकांची प्रतिज्ञा ठरेल, आणि ती पाळण्याचे उत्तरदायित्वही त्यांचेच असेल.