मांजराचे नख, आपली प्रज्ञा

जव्हारच्या वांगणीत कणगीतले भात उंदरांपासून मांजर राखते. त्याचे नख तुटून रक्त आले की चुना, तंबाखू लावतात. आम्हाला हे मान्य नाही. पाय चाटताना ते पोटात जाते. मांजर गोधडीत गुंडाळा, नखावर कोरडे पीठ लावून स्वच्छ फडक्याने पाच-दहा मिनिटे दाबून धरा. लोंबते नख ओढू नका, पशुवैद्यकाला दाखवा. आपली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजर दगावते.

ओरखडा किंवा चावा बसला तर ‘मांजरच तर आहे’ म्हणू नका. 15 मिनिटे साबण-पाण्याने धुवा, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस घ्या. ती मोफत असते. लक्षणे दिसल्यावर माणूस सहसा वाचत नाही.

बाबासाहेबांनी करुणेसोबत प्रज्ञाही सांगितली. दोन्ही पाळूया.

जय भीम!