प्रकल्पाला पैसा, संस्थेला ठेंगा

कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या संस्थांसाठी एखाद्या फाउंडेशनने वेगळा निधी काढला की इंग्लंडातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘आपणही रिकाम्या हातानेच आलो होतो, आपल्याला कोणी दिलं? काम चांगलं असेल तर पैसा येतोच.’ असं बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांतले बरेच जण दरमहा कुठल्या ना कुठल्या चॅरिटीला नेमाने देतात. पण चॅरिटीच्या जगात पैसा काम बघून येतो हा भाबडा समज आहे. तिथे पैसा बहुधा जिथे आधीच पैसा आहे तिकडे जातो. कृष्णवर्णीय संस्थांच्या वाट्याला तो कमी आला हे तर खरंच, पण त्याहून घातक गोष्ट अशी की जो आला तो संस्थेत टिकेल अशा रीतीने क्वचितच दिला गेला.

अनुदानाचा अर्ज ज्याने एकदा भरलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. मागच्या काही वर्षांचे हिशेब आणा, राखीव निधी किती ते दाखवा, धोरणांचे कागद जोडा, परिणाम कसा मोजणार ते लिहा. मोठ्या संस्थेत या कामासाठी पगारी माणूस असतो. लहान संस्थेत तोच माणूस सकाळी मुलांचा क्लास घेतो, दुपारी कौन्सिलशी भांडतो आणि रात्री अर्ज लिहितो. एवढं करून पैसा मिळालाच तर तो ‘प्रकल्पा’साठी असतो. कार्यशाळेला आहे, पण भाड्याला नाही. बॅनर छापायला आहे, पण हिशेबनिसाला नाही. प्रकल्प संपला की खातं पुन्हा शून्यावर. पुढच्या वर्षी तेच फाउंडेशन विचारतं, राखीव निधी एवढा कमी कसा? आणि कमी आहे म्हणून अनुदानही कमी देतं.

अमेरिकेत एकोइंग ग्रीन आणि ब्रिजस्पॅन या दोन संस्थांनी २०२०मध्ये याचं मोजमाप केलं. एकोइंग ग्रीनकडे आलेल्या अर्जांपैकी सर्वांत सरस ठरलेल्या अर्जदारांचे आकडे त्यांनी तपासले. म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न आधीच मिटलेला होता. कृष्णवर्णीय नेतृत्व असलेल्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्यांच्या संस्थांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी निघालं. पण संस्थेला आपल्या मर्जीने वापरता येईल अशी शिल्लक मालमत्ता तब्बल ७६ टक्क्यांनी कमी होती. या दोन आकड्यांमधलं अंतर नीट बघा. देणारा हात थोडा आखडता होता, पण विश्वास मात्र फारच आखडता होता.

इंग्लंडात याचा प्रत्यय कोविडने दिला. २०२०च्या वसंतात उबेले इनिशिएटिव्ह या संस्थेने कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांच्या संस्थांची पाहणी केली. संकट तीन महिन्यांपलीकडे लांबलं तर अगदी लहान आणि लहान संस्थांपैकी १०मधल्या ९ बंद पडण्याच्या बेतात आहेत, असं त्यातून पुढे आलं. ज्या वस्त्यांत माणसं जास्त मरत होती, त्याच वस्त्यांतल्या संस्थांच्या खात्यात तीन महिने तग धरण्याएवढाही पैसा नव्हता.

आता आपल्या शेजारची गोष्ट. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२पासूनचं, आणि त्याची स्वतःची वास्तू ब्रेंटमध्ये, डॉलिस हिलला आहे. त्याच ब्रेंटमध्ये, तिथून फार लांब नाही, स्टोनब्रिजला ब्रिज पार्क आहे. १९८१च्या दंगलींत लंडनचं ब्रिक्स्टन पेटलं, इतर शहरंही पेटली. हार्लेस्डेन-स्टोनब्रिजमधल्या कृष्णवर्णीय तरुणांनी लिओनार्ड जॉन्सन यांच्या पुढाकाराने हार्लेस्डेन पीपल्स कम्युनिटी कौन्सिल उभी केली आणि लंडन ट्रान्सपोर्टने बंद केलेल्या बस डेपोवर डोळा ठेवला. दगड फेकण्यापेक्षा डेपो मागू, असा तो हिशेब होता. केंद्र सरकार आणि ग्रेटर लंडन कौन्सिल यांच्या मदतीने १९८२मध्ये ब्रेंट कौन्सिलने तो डेपो विकत घेतला. पोरांनी त्याचं रूप पालटलं: क्रीडागृह, छोट्या धंद्यांसाठी गाळे, ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ, प्रशिक्षणाचे वर्ग. उद्घाटनाला प्रिन्स चार्ल्स आले. सामाजिक उद्योग हा शब्द आज ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. त्या पोरांनी हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी तो धंदा करून दाखवला होता.

फक्त एक गोष्ट राहून गेली. जागेच्या कागदावर नाव ब्रेंट कौन्सिलचं होतं. १९८६मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलच बरखास्त झाली आणि तिच्या अनुदानांवर उभ्या असलेल्या कितीतरी संस्थांच्या पायाखालची वाळू सरकली. पुढे ब्रिज पार्कचा कारभारही ब्रेंट कौन्सिलच्या हाती गेला. २०१७मध्ये कौन्सिलने ही जमीन खासगी विकसकाला विकण्याचा सशर्त करार केला, तेव्हा जॉन्सन आणि त्यांचे जुने सहकारी उभे राहिले. प्रकरण कोर्टात गेलं. २०२०मध्ये हायकोर्टाने आणि २०२२मध्ये अपील कोर्टाने निकाल कौन्सिलच्या बाजूने दिला. कायद्याच्या चौकटीत निकाल बरोबर असेलही. मला त्यातून एवढंच दिसतं की घाम एकाचा आणि सातबारा दुसऱ्याचा असेल तर चाळीस वर्षांनी काय होतं. आपल्या वास्तूच्या कागदावर कौन्सिलचं नाव असतं, तर आजच्या लंडनच्या जमिनीच्या भावात गणपती कुठे बसवला असता याचा विचार करून पाहा.

‘त्यांनी आपल्या बळावर उभं राहावं’ असं म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं की ते उभेच होते. १९४८मध्ये विंडरश बोट टिलबरीला लागली, त्यानंतर आलेल्या कॅरिबियन लोकांना खोली मिळेना आणि घरासाठी बँकेचं कर्ज मिळेना. मग जमैकाच्या मंडळींनी पार्डनर लावला, त्रिनिदादच्या मंडळींनी सू-सू. सगळ्यांनी दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीने एकाने सगळी उचलायची. आपली भिशीच ती. अनेकांनी घराची पहिली रक्कम त्यातूनच भरली. १९७१मध्ये बर्नार्ड कोर्ड यांची पुस्तिका न्यू बीकन बुक्सने छापली. वेस्ट इंडियन मुलांना ‘मंदबुद्धी’ ठरवून वेगळ्या शाळांत कसं ढकललं जातं, ते तिच्यात मांडलं होतं. त्यानंतर घरांच्या दिवाणखान्यांत आणि चर्चच्या सभागृहांत शनिवारच्या शाळांनी जोर धरला. आपली मराठी शाळा मुलांना आजीशी बोलता यावं म्हणून भरते. त्यांची शनिवारची शाळा गणित आणि वाचनासाठी भरत होती, कारण सोमवार ते शुक्रवार ज्या शाळेत मूल जायचं तिथे ते शिकेल याची खात्री नव्हती. भिशीतून घर होतं, शाळाही चालते. पण भिशीतून भांडवल उभं राहायला पिढ्या लागतात, आणि मधल्या काळात भाडं वाढतच जातं.

‘जागा द्या, पैसा द्या, की सगळं जमेल’ असं मात्र मी म्हणणार नाही. उजिमा हाउसिंग असोसिएशन हे त्याचं उदाहरण आहे. १९७७मध्ये सुरू झालेली ही कृष्णवर्णीयांची गृहनिर्माण संस्था चार हजारांहून अधिक घरांपर्यंत वाढली. मालमत्ता होती, नावही होतं. २००७च्या अखेरीस ती दिवाळखोरीच्या कड्यावर आली आणि तिची घरं लंडन अँड क्वाड्रंट या बड्या संस्थेकडे गेली. वाढीचा वेग कारभाराला झेपला नाही. हे उदाहरण पुढे करून ‘बघा, यांना जमत नाही’ म्हणणारे आहेत. गोऱ्यांच्या संस्था बुडतात तेव्हा कोणी त्यांच्या वर्णाकडे बोट दाखवत नाही, हे सोडून देऊ. उजिमाकडून घ्यायचा धडा असा की चांगला खजिनदार, जागरूक विश्वस्त मंडळ आणि वेळेवर होणारं ऑडिट यांनाही पैसा लागतो, आणि नेमका तोच पैसा ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून सगळ्यात आधी कापला जातो.

अलीकडे कर्जाचा मार्ग दाखवतात. ब्रिटनमध्ये बँकांत पडून राहिलेल्या बेवारस खात्यांतला पैसा २००८च्या कायद्याने समाजकार्याकडे वळवला. त्यातून २०१२मध्ये बिग सोसायटी कॅपिटल उभी राहिली आणि सामाजिक गुंतवणुकीचा बाजार तयार झाला. कल्पना उत्तम होती. पण कर्जाला तारण लागतं, आणि जिच्याकडे इमारत नाही ती संस्था तारण ठेवणार काय? लॉर्ड व्हिक्टर अॅडेबोवाले यांच्या अध्यक्षतेखालच्या सामाजिक गुंतवणूक आयोगाने जानेवारी २०२२मध्ये अहवाल दिला, तेव्हा याच पैशातून ५ कोटी पौंडांचा कृष्णवर्णीय नेतृत्वाचा गुंतवणूक निधी उभारावा अशी शिफारस केली. तारण नसलेल्यांना धीराने, जोखीम घेऊन पैसा देणारं कोणीतरी हवं, आणि ते देणारेही त्यांच्यातलेच हवेत, हे त्यामागचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

एवढा पैसा एकदम दिला तर झेपेल का, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतल्या दानशूर मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२०मध्ये हॉवर्ड विद्यापीठाला ४ कोटी आणि टेक्सासच्या प्रेअरी व्ह्यूला ५ कोटी डॉलर दिले. दोन्ही ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठं. कसा वापरायचा ते तुम्ही ठरवा, असं सांगून दिलेला पैसा होता तो. विद्यापीठं अजून जागच्या जागी आहेत.

राहिला रंगाचा आक्षेप. कातडी बघून पैसा का वाटायचा? तर इंग्लंडचा २०१०चा समता कायदाच त्याला आडवा येतो. अमुक समाजाच्या, अमुक वंशाच्या लोकांसाठी चॅरिटी काढता येते, पण तिचे लाभार्थी कातडीच्या रंगावर ठरवता येत नाहीत. कृष्णवर्णीय नेतृत्वाची संस्था याचा अर्थ दार फक्त कृष्णवर्णीयांना उघडं, असा नाहीच. निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर कोण बसलंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि हे आपल्याला नवं वाटावं, याचंच मला नवल वाटतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१पासून निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं उभी केली. जागा दिल्या, उत्पन्नाची सोय लावली आणि कारभार ज्या त्या समाजाच्या हाती सोपवला. दरसाल अर्ज मागवून ‘यंदाचा प्रकल्प काय’ असं विचारत बसले असते, तर त्या वसतिगृहांतून पिढ्या शिकून बाहेर पडल्या नसत्या. जोतीरावांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्यांना अर्पण केली, हे आपण दर जयंतीला अभिमानाने सांगतो. सांगून झाल्यावर चहा पितो.

म्हणून मंडळाच्या सभासदांना आणि कार्यकारिणीला माझी विनंती आहे. आपण दरवर्षी मदतनिधी गोळा करतो. त्यातला एक हिस्सा आपल्याच बरोमधल्या एका कृष्णवर्णीय संस्थेला सलग तीन वर्षं द्या, आणि तो प्रकल्पाला न बांधता द्या. चेक देतानाचा फोटो मागू नका. वर्षाअखेरीचा हिशेब पुरे, आणि बऱ्याच चॅरिटींचा तो चॅरिटी कमिशनच्या नोंदवहीत कोणालाही बघायला मिळतो. दुसरं, आपल्यात अकाउंटंट, वकील, बँकेतली आणि आयटीतली माणसं भरपूर आहेत, आणि लहान संस्थांना खजिनदार मिळत नाही. महिन्यातली एक संध्याकाळ तिथे द्या. सल्लागार म्हणून मिरवायला जाऊ नका, त्यांच्या अध्यक्षांच्या हाताखाली काम करायला जा. ज्यांची तयारी असेल त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत नाव नोंदवावं. ठराव मी मांडतो, अनुमोदक हवा आहे.