बेगड थोडी, मजकूर मनापासून



शाबान लागला की घरोघरी रमजानच्या याद्या सुरू होतात. शेवया, खजूर, खोबरे, चारोळी, मुलांचे कपडे. त्या यादीत यंदा आणखी एक ओळ घालू या: ईदकार्डे, ईदीचे लिफाफे आणि शेजारी पाठवायच्या डब्यांची सजावट घरीच करायची. त्यासाठी लागणारी मुख्य वस्तू म्हणजे बेगड. सोनेरी, रुपेरी चमकणारा तो पातळ पत्रा किंवा कागद, ज्याला आपल्या घरांत पन्नी म्हणतात आणि दुकानदार आता फॉइल म्हणतात.

आपल्या इंदापूर-बारामती भागात बेगड कोणाला नवी नाही. पोळ्याला बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावून वर बेगड चिकटवतात. मोहरमच्या ताबुतांवर तीच चमकते. लग्नपत्रिकेवरची सोनेरी अक्षरेही तिचीच बहीण. पण मराठीने या वस्तूवरून एक शब्द केला आहे, तो मात्र कौतुकाचा नाही. वरून झगमग आणि आत काही नाही, त्याला आपण ‘बेगडी’ म्हणतो. ईदची भेट बेगडी न होता बेगड कशी वापरायची, एवढेच आज सांगायचे आहे.

सोने कशासाठी लावत

आपल्या परंपरेत कागदावर सोने लावण्याची एक कलाच होती. तिला तजहीब म्हणतात. अरबीत जहब म्हणजे सोने, त्यावरून हा शब्द आला. कुरआनच्या जुन्या हस्तलिखितांत समास, सुरूवातीची पाने आणि आयतींमधली चिन्हे सोन्याने सजवलेली दिसतात. नवव्या-दहाव्या शतकातील एक प्रसिद्ध प्रत तर निळ्या रंगवलेल्या चर्मपत्रावर सोनेरी कूफी अक्षरांत लिहिलेली आहे. मोगल काळात सोन्याची बारीक कणी शिंपडलेला कागद असे. त्याचे नाव जरअफशां. या सगळ्यांत सोने होते ते लिहिलेल्या शब्दाचा मान वाढवण्यासाठी. शब्द झाकण्यासाठी नव्हे.

कागदाशीही आपले नाते जुने आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यातील जुन्नरचा हातकागद पेशवाईच्या दफ्तरांत वापरला जाई. तो बनवणारे कागजी कारागीर मुसलमान होते. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा आणि दौलताबादजवळचा कागजीपुरा ही नावे त्याच धंद्याची. चांदी कुटून मिठाईवरचा वर्ख करणाऱ्यांना पन्नीगर म्हणत. जयपुरात त्यांच्या नावाचा पन्नीगरान मोहल्ला आजही आहे. तेव्हा हे काम करताना मुलांना जरूर सांगा, की ही करमणूक दुकानातून आलेली नाही, आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातची आहे.

जगात दूरवरही तो धागा दिसतो. अमेरिकेच्या टपाल खात्याने 2001 साली ईदचे पहिले तिकीट काढले. त्यावर निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांत ‘ईद मुबारक’ लिहिले होते. लिहिणारे मोहम्मद जकरिया हे अमेरिकेतच जन्मलेले खुशनवीस. तिकीट किती लहान असते! पण दोन शब्दांना तेवढी जागा पुरली.

दुकानात काय मागायचे

तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, चमकी कागद. एका बाजूने सोनेरी वा रुपेरी, दुसऱ्या बाजूने पांढरा. हा कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. कातरीने कापावा, फेविकॉलने चिकटवावा.

दुसरा, रोलमध्ये येणारी छपाईची फॉइल, जी पत्रिका छापणारे वापरतात. ही प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर बसवलेली असते आणि चिकट किंवा गरम पृष्ठभाग मिळाला की पट्टी सोडून त्याला धरते. तिच्यात सोने नसते बरे का. ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आणि त्यावर पिवळा रंग, म्हणून ती सोनेरी दिसते. ओळखण्याची खूण सोपी आहे: कोपऱ्यावर चिकटपट्टी दाबून ओढा. चमक चिकटपट्टीवर आली आणि मागे पारदर्शक प्लॅस्टिक राहिले, तर फॉइल बरोबर आहे. ती इंदापुरात मिळाली नाही, तर पुण्याला जाणाऱ्या कोणाला तरी रविवार पेठेतील बोहरी आळीतून आणायला सांगा.

तिसरा, स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल. त्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद का, असे मुले विचारतात. कारखान्यात शेवटच्या वेळी दोन थर एकत्र लाटतात. रुळांना लागलेली बाजू चमकते, एकमेकांना लागलेली मंद राहते. बाकी फरक काही नाही.

चार रीती

1. *कापून चिकटवणे.* ही सर्वांत स्वस्त. आपल्या मुलांना उर्दूत ‘ईद मुबारक’ लिहायला शिकवण्याची याहून चांगली संधी नाही. ईद म्हणजे ऐन, ये, दाल. तिन्ही अक्षरे जोडलेली, म्हणून कापताना एकच तुकडा होतो. खाली येचे दोन नुक्ते वेगळे. मुबारकमध्ये मीम, बे आणि अलिफ एकत्र जोडले जातात, पण अलिफ पुढे जुळत नाही. रेही पुढे जुळत नाही. म्हणून रे सुटा आणि काफ सुटा. म्हणजे एकूण चार तुकडे आणि तीन नुक्ते. मूल हे चार तुकडे हाताने कापते, तेव्हा कोणते अक्षर कोणाचा हात धरते आणि कोणते सोडते, हे त्याला पाठ करावे लागत नाही. एक दक्षता घ्या: कागदाच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर आखणार असाल तर अक्षरे उलटी आखा, आरशात दिसतात तशी. सरळ आखली तर कापल्यावर उलटी होतील. त्यासाठी आधी साध्या पातळ कागदावर लिहा, तो पालथा घालून खिडकीच्या काचेवर धरा आणि गिरवून घ्या.

2. *दुहेरी चिकटपट्टीची रीत.* चंद्रकोर, चांदणी, जाळीची किनार अशा साध्या आकारांसाठी. दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी हव्या त्या आकारात कापून कार्डावर बसवा, वरचा कागद काढा. रोलची फॉइल रंगीत बाजू आपल्याकडे ठेवून त्यावर घाला, नखाने नीट घासा आणि प्लॅस्टिक सावकाश उचला. चिकट भाग तेवढा सोनेरी होतो.

3. *झेरॉक्सची रीत.* ज्यांना अनेक कार्डे करायची आहेत त्यांच्यासाठी. झेरॉक्स मशीनची काळी पूड, म्हणजे टोनर, ही मुळात रंगवलेली प्लॅस्टिकची भुकटी असते. उष्णतेने ती पुन्हा मऊ होते आणि फॉइलला धरते. म्हणून पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने सुंदर मजकूर लिहा, जाड कागदावर त्याची गडद झेरॉक्स काढा. अक्षरांवर फॉइल घाला, रंगीत बाजू वर. हे सगळे साध्या कागदाच्या घडीत ठेवून लॅमिनेशनच्या मशीनमधून काढा. लॅमिनेशनचे पाकीट वापरायचे नाही, मशीनची फक्त ऊब हवी आहे. थंड झाल्यावर फॉइल उचला, सगळी काळी अक्षरे सोनेरी झालेली असतील. मशीनवाल्याला आधी विचारून घ्या. घरी करायचे तर इस्त्री चालते, वाफ बंद ठेवून आणि वर बटर पेपर घालून, पण ते काम मोठ्यांनीच करावे. शाईच्या प्रिंटरवर छापलेला मजकूर मात्र चालत नाही, कारण शाईत ती भुकटी नसते.

4. *दोऱ्याची रीत.* लहान मुलांसाठी. पुठ्ठ्यावर फेविकॉलने सुतळी किंवा जाड दोरा चिकटवून चांद, मिनार, कंदील काढा. पूर्ण वाळू द्या. वर स्वयंपाकघरातला फॉइल किंचित चुरगाळून, पुन्हा सरळ करून चिकटवा आणि कापसाच्या बोळ्याने हलके दाबत चला. दोऱ्याचा उठाव वर येतो. त्यावर काळा रंग लावून लगेच पुसला की खाचांत काळे राहते आणि उठावाची चांदी चमकते. हे डब्याच्या झाकणावर छान दिसते. टपालाने पाठवायचे असेल तर मात्र सपाट कार्डच करा, उठाव लिफाफा फाडतो.

काय लिहावे, काय टाळावे

कार्ड कितीही सुंदर असले तरी एक दिवस ते रद्दीत जाते, पायांखाली येते, कचऱ्याच्या गाडीत पडते. म्हणून कुरआनची आयत, बिस्मिल्लाह किंवा अल्लाहचे नाव कार्डावर आणि डब्यावर लिहू नका. अदब आधी, सजावट नंतर. चांद, चांदण्या, मेहराब, जाळी, वेलबुट्टी हे सगळे आपल्याकडे भरपूर आहे.

आतली ओळ मुलाने स्वतः लिहावी. नानीला उर्दूत, शेजारच्या काकूंना मराठीत. ‘ईद मुबारक’ तर मोबाइलवर दिवसभरात शंभर जण पाठवतात, आणि त्यांतले कोणाचे होते ते संध्याकाळी आठवत नाही. म्हणून त्यापुढे एक ओळ अशी हवी, जी दुसऱ्या कोणालाच पाठवता येणार नाही. ‘नानी, तुम्ही शिकवलेला कलमा धाकटीला मी शिकवला.’ ‘काकू, दिवाळीच्या करंज्या अजून आठवतात.’ सोनेरी अक्षरे दोन, हाताची अक्षरे दहा, हे प्रमाण ठेवा.

डबे आणि लिफाफे

खजूर, सुकामेवा, मिठाई यांच्या डब्यांत फॉइल, चमकी किंवा रंग यांचा खाण्याला स्पर्श होऊ देऊ नका. सजावट बाहेर, आत स्वच्छ बटर पेपर. मिठाईवरच्या वर्खाची गोष्ट वेगळी, तो खाण्यासाठीच केलेला असतो. बाजारी सोनेरी कागद खाण्यासाठी नाही. सुटी चमकी तर वापरूच नका. ते बहुधा प्लॅस्टिकचे कण असतात, आणि ते ताटात, लेकरांच्या डोळ्यांत जातात.

संपूर्ण डबा चमकी कागदात गुंडाळण्याची पद्धत आपण सोडून द्यावी. हिशोब करून बघा: 50 बाय 70 सेंटिमीटरच्या एका तावातून 5 बाय 7 सेंटिमीटरचे शंभर तुकडे निघतात. म्हणजे शंभर कार्डांवर चांद उगवतो. तोच ताव एका मोठ्या डब्याला गुंडाळला की दोन मिनिटांत फाडून टाकला जातो. याला इस्राफ नाही तर काय म्हणायचे? वर तो कागद सहसा रद्दीतही चालत नाही, कारण कागद आणि प्लॅस्टिक एकमेकांना चिकटलेले असते. मुठीत चुरगाळून बघा. मूठ सोडल्यावर तो फुलून सरळ झाला तर त्यात प्लॅस्टिक आहे, असे समजा. तो चुलीत किंवा बंबात जाळू नका. डबा तपकिरी कागदात गुंडाळा, सुती दोरी बांधा आणि दोरीच्या गाठीवर एकच सोनेरी चांदणी लावा.

ईदीच्या लिफाफ्यांबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. सगळे लिफाफे एकसारखे करा. आत रक्कम कमी-जास्त असू शकते, ती ज्याच्या-त्याच्या ऐपतीची आणि नात्याची गोष्ट. पण बाहेरून भाच्याचा लिफाफा सोनेरी आणि घरकामाला येणाऱ्या बाईच्या मुलीचा साधा, असे होऊ नये. मुले लिफाफे शेजारी शेजारी धरून बघतात. शिक्षिका म्हणून सांगते, त्यांच्या नजरेतून असा फरक सुटत नाही, आणि तो ती बोलूनही दाखवत नाहीत. वर्गातही हेच करता येते. ‘प्रत्येकाने सोनेरी कागद आणा’ असे सांगितले की कोणीतरी रिकाम्या हाताने येते. त्याऐवजी शाळेने एकच ताव आणावा आणि सर्वांना सारखा तुकडा द्यावा.

एक कार्ड जास्त

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी एकमेकांना भेटी देण्यास सांगितले, कारण त्याने आपसांत मोहब्बत वाढते. भेट मौल्यवान असावी, अशी अट त्यात नाही. शेजारणीने पाठवलेली अगदी किरकोळ वस्तूही कमी लेखू नये, हीच आपली शिकवण आहे.

म्हणून मोजून कार्डे करा आणि वर एक जास्त करा. बहुतेक घरांत एक दार असे असते जिकडे काही वर्षे कोणी गेलेले नाही. जमिनीच्या वाटणीवरून, लग्नातल्या मानपानावरून, कधी कोणाच्या एका वाक्यावरून. फोन करायला जीभ उचलत नाही, आणि गेलो तर काय बोलायचे ते सुचत नाही. त्या घरी हे जास्तीचे कार्ड पाठवा, मुलांच्या हाती, शिरखुर्म्याच्या डब्यासोबत. जुना विषय लिहू नका. ‘ईदला तुमची आठवण आली’ एवढेच पुरे. उत्तर येईल किंवा येणार नाही. सिलारहमीचे पहिले पाऊल मोजताना समोरच्याचे पाऊल मोजायचे नसते.

कामाची आखणी अशी करा: शाबानमध्ये सामान आणून ठेवा आणि नावांची यादी करा. रमजानच्या पहिल्या दहा दिवसांत, असर आणि इफ्तारच्या मधल्या वेळेत मुलांना रोज तीन-चार कार्डांना बसवा. उपाशी पोटी त्यांचा वेळही बरा जातो. दुसऱ्या दहा दिवसांत टपालाची कार्डे रवाना करा आणि लिफाफे पुरे करा. शेवटचे दहा दिवस इबादतीचे आहेत, त्यांत कात्री आणि फेविकॉल नको.

अल्लाह आपले रोजे कबूल करो, आणि आपल्या घरांतले तुटलेले नाते या ईदला जोडो. आमीन.