घरचा कागद, शाळेचा कागद

बालकाच्या हातातील पेन्सिल हिसकावून घेण्याची हुकूमशाहीला फारशी गरज नसते. त्या पेन्सिलीने काय काढायचे, एवढे ठरविले की तिचे कार्य सिद्धीस जाते. तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील चित्रकार पीटर सीस यांचे बालपण याची साक्ष देते.

फेब्रुवारी १९४८ मध्ये साम्यवाद्यांनी तेथील सत्ता बळकावली. सीस यांचा जन्म १९४९ चा. प्राग नगरीत वाढलेला हा मुलगा घरी मनाला येईल ते रेखाटी; शाळेत मात्र सांगितले जाई तेच. रणगाडे काढायचे, युद्धे काढायची. गळ्यात लाल रुमाल, रशियन भाषेची सक्ती आणि घरातील बोलणे बाहेर कळविण्यास उत्तेजन! अशा वातावरणात आईवडील मुलांसमोरही मौन पाळू लागले.

‘द वॉल’ (२००७) या आपल्या चित्रमय आत्मकथनात सीस एक गोष्ट लपवीत नाहीत. जे सांगितले जाई, त्याविषयी त्या मुलाला शंकाच येत नसे. खरे भय तुरुंगापेक्षा या निःशंकपणाचे आहे. तुरुंगाच्या भिंती दिसतात. मनात उभारलेली भिंत दिसत नाही.

सीस यांचे वडील व्लादिमीर हे चित्रपट दिग्दर्शक. चिनी सैन्य तिबेटमध्ये रस्ता बांधीत असताना, १९५० च्या दशकात, त्याचे चित्रीकरण करण्यासाठी त्यांना तिकडे धाडण्यात आले. एका साम्यवादी राजवटीने दुसरीच्या विस्ताराचे गोडवे गाण्यासाठी कॅमेरा पाठवावा, याहून बोलका पुरावा कोणता? मात्र तेथे लिहिलेली दैनंदिनी त्यांनी घरी एका लाल पेटीत कुलूपबंद ठेवली. पुढे तिच्यातूनच पुत्राचे १९९८ चे तिबेटविषयक पुस्तक साकारले. जे उघड बोलता येत नव्हते, ते घराने जपून ठेवले होते.

१९६८ च्या ‘प्राग वसंता’त काही महिने मोकळा श्वास घेता आला. २१ ऑगस्टच्या पहाटेपर्यंत वॉर्सा कराराच्या फौजा देशात घुसल्या होत्या. शाळेच्या कागदावरील रणगाडे आता प्रत्यक्ष रस्त्यावर उभे होते. १९८२ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिम्पिकशी संबंधित चित्रपटासाठी अमेरिकेत गेलेल्या सीस यांनी, परतण्याचा आदेश येऊनही, तेथेच राहणे पत्करले. १९८९ मध्ये ती राजवट कोसळली.

शाळा, वृत्तपत्र, नभोवाणी हे सारे राजसत्ता ताब्यात घेऊ शकते. घर ताब्यात घेण्यासाठी मात्र तिला आईवडील आणि मुले यांच्यात अविश्वास पेरावा लागतो. म्हणूनच कुटुंब ही केवळ सोयीची व्यवस्था नव्हे. स्वातंत्र्याचा तो अखेरचा गड आहे. ज्या घरात मुलाला प्रश्न विचारता येतो, खरे उत्तर मिळते आणि कोरा कागद कोराच हाती पडतो, तो गड सहसा पडत नाही. हा कोरा कागद आपल्या घरी मुलांच्या वाट्याला येतो काय, हे प्रत्येक पालकाने स्वतःस विचारून पाहावे.